मोकळ्या जागेची गोष्ट : धडगावचे मैदान, पार आणि आपल्या विहाराचे अंगण



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कोणी धम्मावर लिहितो, कोणी चळवळीच्या आठवणी सांगतो, तर कोणी देणगीदारांची नावे नीट छापली आहेत ना एवढेच पाहतो. आम्ही यंदा जमिनीवर लिहावयाचे ठरविले आहे. तीही बांधलेल्या नव्हे, रिकाम्या जमिनीवर.

याला निमित्त झाले ते आपल्या विहारासमोरचे अंगण. मागील बैठकीत तेथे सभामंडप उठवावा असा विषय निघाला. मागणी खोटी नाही. पावसाळ्यात लग्न असो की नामकरण, पंगत ताडपत्रीखाली बसते आणि ताडपत्रीत साचलेले पाणी नेमके वरणाच्या पातेल्यात सांडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर्षावासात प्रवचनाला आलेल्या बाया ओट्यावर अंग चोरून बसतात. तेव्हा मंडप पत्र्याचा की स्लॅबचा, वर्गणी घरटी किती, अशी चर्चा रंगात आली असताना दारात उभ्या असलेल्या पोरांपैकी एकाने विचारले, "मग आम्ही खेळायचं कुठं?" कोणी हसले, कोणी "शाळेच्या ग्राउंडवर जा रे" म्हणाले. इतिवृत्तात काही तो प्रश्न आला नाही. आम्हां काही जणांच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. म्हणून हा मागोवा.

धडगाव म्हणजे सातपुड्याच्या पोटातले गाव. तालुक्याचे सरकारी नाव अक्राणी, ठाणे मात्र धडगावला. पूर्वी हा पश्चिम खानदेशातला अक्राणी महाल, मग धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते. येथे डोंगर आहेत, जंगल आहे, नद्या-नाले आहेत. नाही ती सपाट जागा. देशावरच्या माणसाला मोकळी जागा म्हणजे काहीच नसलेली जागा वाटते. डोंगरात सपाट तुकडा म्हणजे कोणाच्या तरी आज्या-पणज्याने दगड वेचून, बांध घालून केलेले शेत, नाहीतर नदीकाठची पट्टी. म्हणून येथे रिकामी जमीन अशी नसतेच. जी दिसते तिच्यावर कोणाचा ना कोणाचा राबता असतो. उन्हाळ्यात बघा. कैऱ्या सोलून, चिरून त्यांच्या फोडी अंगणात, ओट्यावर, उघड्या खडकावर वाळत पडतात. धडगावचा आमचूर व्यापारी पोत्यांनी घेऊन जातात. पण तो वाळतो कशावर? मोकळ्या सपाट जागेवर. ती जागा गेली तर आमचूरही गेला.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने वर आली. शाळा, दवाखाना, तहसील, बँक. येताना आपण देशावरच्या गावाची कल्पना बरोबर आणली. बाग म्हणजे कुंपण, फाटक, फुलझाडे आणि एक घसरगुंडी. तशी बाग येथे दिसली नाही म्हणून "इथं काहीच नाही" असे आपण पहिल्या पत्रात घरी लिहिले. आम्हीही लिहिले. ते चूक होते.

पावरा आणि भिल्ल समाजाचे गाव एके ठिकाणी दाटलेले नसते. ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असते. घर आपापल्या शेतात, आणि दोन घरांत हाक पोचेल एवढे अंतर. घरापुढे अंगण भरपूर, त्यामुळे रोजच्या खेळाला वेगळी जागा लागत नाही. पण वर्षातले काही दिवस साऱ्या गावाने, किंबहुना साऱ्या खोऱ्याने एकत्र यावयाचे तर मोठी जागा हवी. ती ठरलेली असते. होळीची जागा ही त्यातली मुख्य. तेथे उंच बांबू उभा राहतो, आणि रात्रभर ढोल, बासरी, घुंगरू वाजत राहतात. नाचणाऱ्यांच्या अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पाहावयास आता लांबून लोक येतात. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गावोगावच्या होळ्या एकाच दिवशी नसतात. दिवस वाटून घेतलेले असतात, म्हणजे या गावचा ढोल त्या गावच्या होळीला जाऊ शकतो. आज नियोजन-नियोजन म्हणून कागद रंगविणाऱ्यांनी हे पाहावे. जागा तर त्यांनी ठरविलीच, पण ती जागा कोणी केव्हा वापरावी हेही ठरविले, आणि तेही एकही फलक न लावता!

होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार तर आपल्या धडगावातच भरतो. डाळ्या, गूळ, हार-कंगन, नवे कपडे, ढोलांचे ताफे. पाय ठेवावयास जागा नसते. बाजार म्हणजे खरेदी असे आपण समजतो. तेथे आलेल्यांना विचाराल तर खरेदी अर्ध्या तासाची आणि भेटीगाठी दिवसभराच्या. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याची यात्रा, महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची. तोरणमाळचा यशवंत तलाव पाहावयास हल्ली गाड्या भरून पर्यटक येतात, त्यांच्यासाठी सोयीही होतात. त्याला आमची ना नाही. परंतु पाहुण्याच्या विरंगुळ्याची सोय आणि गावच्या पोरांच्या खेळाची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केली की दुसरी झाली असे धरले जाते. असो.

या मुलखाला बागेचा पहिला सरकारी आकडा मिळाला तो मात्र एका धरणाच्या निवाड्यातून. ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६९ साली नर्मदेच्या पाण्याचा राज्याराज्यांतील तंटा सोडविण्यासाठी लवाद नेमला गेला. अध्यक्ष न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी होते. डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. त्यातली धरणाची उंची आणि पाण्याची वाटणी यांवर पुढे किती भांडणे झाली ते सर्वांना माहीत आहे. पण विस्थापितांच्या नव्या वसाहतीत काय काय असावे, याचीही एक यादी त्या निवाड्यात आहे. शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. पन्नास कुटुंबांमागे गुरांच्या कुंडासह एक विहीर. पाचशे कुटुंबांमागे पंचायत घर, दवाखाना, बियाण्याचे कोठार, तलाव. शंभर कुटुंबांमागे एक पूजास्थान. आणि याच यादीत दोन ओळी अशा आहेत : पाचशे कुटुंबांमागे मुलांची एक बाग, आणि पन्नास कुटुंबांमागे झाडाभोवतीचा एक ओटा. म्हणजे आपला पार! घरासाठी प्रत्येक कुटुंबाला साठ फूट बाय नव्वद फुटांचा तुकडा, आणि रस्ते, सरकारी इमारती, मोकळी जागा यांसाठी आणखी तीस टक्के जमीन.

ही यादी वाचून आम्हांस प्रथम आनंदच झाला. चार राज्यांच्या पाण्याचा हिशेब करीत असताना कोणाला तरी पाराची आठवण राहिली. मग आम्ही बोटांवर हिशेब करू लागलो, आणि आनंद थोडा उतरला. पाचशे कुटुंबांचे गाव नर्मदाकाठी विरळा. त्यातच एका गावची माणसे दोन-तीन ठिकाणी पांगली, काही गुजरातेत, काही तळोद्याकडे. मग शे-दीडशे कुटुंबांच्या वसाहतीला हिशेबाने किती बाग येते? पाव बाग? घसरगुंडीची शिडी तुमची, घसरण त्यांची? ज्याने पन्नासचा आकडा लिहिला त्याला गाव माहीत होते; ज्याने पाचशेचा लिहिला त्याला फाइल माहीत होती.

महाराष्ट्रातली बुडीत गावे तेहतीस, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांच्यासाठी तळोद्याच्या जंगलातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. रेवानगर, नर्मदानगर, सरदारनगर, रोझवा पुनर्वसन ही नावे त्यातूनच आली. डोंगरातला माणूस सपाटीवर आला, आखीव रस्ते आले, चौकोनी प्लॉट आले. पाड्याचे अंतर गेले. घराला घर लागले तशी अंगणात मावणारी खेळण्याची जागा रस्त्यावर आली. जुन्या गावी ज्याची गरज नव्हती त्या मैदानाची गरज नव्या गावी पहिल्या दिवसापासून लागली.

आणि जे यादीत नव्हते ते? होळीची जागा यादीत नव्हती. नदीचा काठ यादीत नव्हता. १९९३ च्या पावसाळ्यात अक्कलकुव्यातील मणिबेलीत पाणी शिरले, तेव्हापासून वर्षावर्षाने ते चढत गेले. १७ जून २०१७ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. काठची वाळू गेली, तेथे गाळ आला. ज्या वाळूत पोरे लोळत, पोहावयास शिकत, मासे धरीत, ती वाळू कोणत्याही पंचनाम्यात क्रीडांगण म्हणून लिहिलेली नव्हती. मग तिची भरपाई तरी कोण देणार? घर मोजले गेले, झाड मोजले गेले, शेत मोजले गेले. काठ मोजला गेला नाही. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या आणि त्यांच्या मुलांचे बालमेळे भरविले. एवढ्या वादळात खेळाच्या सामन्यांसाठी वेळ काढणे हे आम्हांला त्या लढ्याच्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

पार मात्र एक विचार करण्यासारखी वस्तू आहे. ओटा आठ दिवसांत बांधता येतो, त्यावरचा वड बांधता येत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणून नव्या वसाहतीत आधी झाड लावावे आणि मग घरे आखावीत, हा क्रम आम्हांला खरा वाटतो. होते उलटे. आधी ओटा, मग उद्घाटनाची पाटी, मग झाड लावावयाचे राहून जाते, आणि भर उन्हात तापलेल्या सिमेंटवर कुत्रेसुद्धा बसत नाही.

आता आपल्या धडगावाकडे वळू. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करावयाचे धोरण राज्याने २०१४ साली घेतले, आणि आपली ग्रामपंचायत जाऊन धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक अशी तीन गावांच्या नावांची नगरपंचायत आली. पाटी बदलली, कर बदलला, एवढेच पुष्कळांना कळले. मोकळ्या जागेच्या दृष्टीने काय बदलले? १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी राज्यघटनेला दोन परिशिष्टे जोडली. पंचायतींसाठी अकरावे, त्यात २९ विषय. नगरपालिकांसाठी बारावे, त्यात १८ विषय. अकराव्यात बाग किंवा क्रीडांगण हा शब्द नाही. बाजार आणि जत्रा हा विषय मात्र आहे. बाराव्यात बाराव्या क्रमांकावर उद्याने, बागा, क्रीडांगणे आहेत, जत्रा नाही. म्हणजे कागदावर आपण भोंगऱ्याचे गाव होतो ते बागेचे गाव झालो! शिवाय अक्राणी हे पूर्ण अनुसूचित क्षेत्र. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गावचा बाजार सांभाळण्याचा अधिकार दिला, पण तो कायदा पंचायतींपुरता. नगरपंचायतीसाठी तसा कायदा संसदेने केलेला नाही. पूर्वी ग्रामसभेत उभे राहून "आमची जागा" म्हणता येत होते. आता तेच म्हणावयाचे तर नकाशावर बोट ठेवून, अर्ज लिहून म्हणावे लागते.

तो नकाशा म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगरपंचायतीने तो करावयाचा असतो. त्यात मैदान, बाग, शाळा, दवाखाना यांसाठी जागा राखून ठेवतात. प्रारूप आराखडा जाहीर झाला की ठराविक मुदतीत कोणीही नागरिक हरकत किंवा सूचना देऊ शकतो. वकील लागत नाही, साध्या कागदावर चालते. मुदत गेली की गेली. आणि राखून ठेवले म्हणजे झाले असेही नव्हे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकर भराहून थोडी कमी जमीन असेल तर ती अट लागत नाही. डोंगरात जमिनीचे तुकडे लहान, म्हणून ही अट आपल्याकडे क्वचितच उपयोगी पडणार.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची एक बाग धरली आहे. अर्धा हेक्टर म्हणजे सव्वा एकर. डोंगरात सव्वा एकर सलग सपाट जमीन मागावयाची म्हणजे कोणाचे तरी शेत मागावयाचे. हे शेत बहुधा आदिवासी शेतकऱ्याचे असणार, आणि त्याच्यापाशी तेवढेच असणार. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत तरतूद झाली ती उगाच नव्हे. येथे आम्हांला स्पष्ट सांगावेसे वाटते. नोकरदारांच्या मुलांच्या बागेसाठी कोणाच्या भाकरीची जमीन आरक्षणात जाता कामा नये. धरणाने जे केले ते बागेच्या नावाने आपण करू नये. सरकारी जमीन, गावठाणातील मोकळ्या जागा, शाळांची मैदाने, बाजारतळ, नदीकाठ, एवढ्यात भागवावे. चार लहान जागा एका मोठ्या जागेपेक्षा बऱ्या.

पण त्या आहेत त्याच राहतील कशा? गावचे मैदान कोणी रात्रीतून चोरून नेत नाही. ते एकेका चांगल्या कामाने जाते. कोणाला पाण्याची टाकी हवी असते, ती हवीच. कोणाला गोदाम हवे, कोणाला कार्यालयाला जागा, कोणाला गाळे, कोणाला समाजमंदिर. प्रत्येक काम चांगले, प्रत्येकाला सपाट जागा लागते, आणि सपाट म्हटले की सर्वांना मैदानच दिसते, कारण तेथे तक्रार करणारा मालक नसतो. तक्रार करणारी पोरे असतात, त्यांना मत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटविण्यास सांगितले, त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या राज्य शासनानेही गायराने आणि सार्वजनिक वापराच्या जमिनी जपण्याचा निर्णय काढला. पण हे निर्णय अतिक्रमण करणाऱ्याविरुद्ध उपयोगी पडतात. चांगल्या कामाविरुद्ध कोण उभे राहणार?

कागदावर नाव असले तरी जागा आपली होत नाही, हे आपल्याइतके कोणाला माहीत असावे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद झाला. ओंजळ मात्र कोणी भरली नाही, भरू दिली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जिवंत झाला. पुढेही खटला चालला, तो मुंबई उच्च न्यायालयातून १९३७ मध्ये आपल्या बाजूने सुटला. पाणी आणि मैदान यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पण संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याच ओळीत लोकांच्या राबत्याच्या जागा आल्या आहेत. बाग, मैदान, बाजारतळ हे त्यात मोडतात. त्यातला राबता हा शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. कागद आणि राबता, दोन्ही असल्याशिवाय जागा टिकत नाही. महाडला कागद होता, राबता नव्हता. नर्मदाकाठी राबता होता, कागद नव्हता.

येथे थोडे मागे जाऊ, कारण विहाराच्या स्मरणिकेत हे सांगितले नाही तर चुकल्यासारखे होईल. पालीत आराम म्हणजे बाग, उपवन. संघाला मिळालेली पहिली मोठी ठिकाणे इमारती नव्हत्या. ती वनराई होती. राजगृहाला बिंबिसाराने दिलेले वेळुवन, वैशालीला आम्रपालीची आमराई, श्रावस्तीचे जेतवन. विनयपिटकात या जागा निवडतानाचा विचार दिला आहे. गावापासून फार लांब नको, फार जवळ नको; येण्याजाण्याला सोपी असावी; ज्याला यावयाचे त्याला येता यावे; दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. अनाथपिंडिकाने जेत राजकुमाराची बाग नाणी अंथरून घेतली ही कथा आपण पोरांना सांगतो. पण शेवटचा उरलेला तुकडा जेताने स्वतःहून दिला, हे सांगावयाचे विसरतो. सम्राट अशोकाने दिल्ली-टोपरा स्तंभावर आपण काय केले ते कोरले, त्यातही रस्त्याकडेला सावलीसाठी वड, आंब्याच्या राया, विहिरी आणि विसाव्याची ठिकाणे आहेत, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. धडगावच्या बाजाराला सात-आठ मैल चालून आलेली बाई डोईवरचे ओझे उतरवून कुठे टेकते हे पाहिले की अशोकाची आठवण होते.

मग आपल्या गावाला काय हवे? आमच्या मते कारंजे नको, पेव्हर ब्लॉक नकोत, आणि दोन पावसाळ्यांत गंजणारी ओपन जिमही नको. भोंगऱ्या भरतो ती जागा आराखड्यात बाजार आणि मेळ्याचे मैदान या नावानेच लागली पाहिजे. उद्यान म्हणून लागली तर तिला फाटक येईल, फाटकाला कुलूप येईल, आणि ढोल बाहेर राहतील. प्रत्येक वस्तीत एक झाड, त्याला पार, जवळ पिण्याचे पाणी. उन्हाळ्यात आमचूर वाळवावयास बंदी नको. नदीकाठी चालण्याएवढी पट्टी बांधकामाविना राहावी. आणि आणखी एक, जे लिहिताना आम्हांलाच थोडे ओशाळल्यासारखे वाटले. आम्ही इतका वेळ पोरे पोरे म्हणत आहोत, पण संध्याकाळी अंगणात मुली किती असतात? मोठी पोरे क्रिकेट लावतात, चेंडूच्या भीतीने लहानग्या भिंतीला टेकतात, आणि मुली पाण्याला नाहीतर भांड्यांना गेलेल्या असतात. मैदान सर्वांचे म्हटले की दांडग्याचे होते. मुलींच्या खेळाची वेळ ठरवून द्यावयास काय हरकत आहे? पावरा-भिल्लांनी होळीचे दिवस वाटून घेतले, आपल्याला एका अंगणाचे तास वाटता येऊ नयेत?

मंडपाचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. आम्ही अंगण पावलांनी मोजले : लांबी चाळीस पावले, रुंदी पंचवीस. मंडप हवाच असेल तर तो मागच्या बाजूला, स्वयंपाकाच्या पडवीला जोडून होऊ शकतो. थोडा लहान होईल, पंगती दोनाऐवजी तीन कराव्या लागतील. पुढचे अंगण मोकळे ठेवण्याचा ठराव मात्र तोंडी नको, इतिवृत्तात तारीख घालून लिहिलेला हवा, आणि त्यात हेही हवे की शेजारपाड्यातली मुले येथे खेळावयास येतात ती येत राहतील. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी बैठकीला येऊन सांगावे. पंगतीत भिजलेल्यांचा राग आम्ही समजू शकतो.

मागील बुद्धपौर्णिमेला अंगणाच्या कोपऱ्यात पिंपळ लावला होता. बकरीने तो दोनदा खाल्ला, तिसऱ्यांदा फुटला, आता कमरेएवढा झाला आहे. त्याच्याभोवती पार बांधावयाचा म्हणून विटा आणून ठेवल्या आहेत. सध्या पोरे त्या एकावर एक रचतात आणि स्टंप म्हणून वापरतात.